न खणलेली जागा

रॉइक्लूफ
३ जून २००६

प्रिय फेलिसिटा,

मिशनच्या शाळेत शनिवारी दुपारी आपण दोघी सिस्टरांच्या कॉलरांना इस्त्री करायचो, आठवतं का तुला? तू पाणी शिंपडायचीस, मी इस्त्री फिरवायची. तुझा हात नेहमी सढळ, त्यामुळे कॉलर इस्त्रीला चिकटायची आणि बोलणी मला बसायची. पण त्या खोलीत कोळशाचा आणि खळीचा मिळून एक ऊबदार वास असायचा. तू दाराकडे एक डोळा ठेवून सिस्टर अलॉयसियांची नक्कल करायचीस आणि मी हसू दाबताना स्वतःचंच बोट भाजून घ्यायची. त्या खोलीइतकी निवांत खोली मला पुढे कुठल्याच घरात मिळाली नाही.

हे आठवलं ते तुझी सही बघून. सिस्टरांनी गिरवून घेतलेलं तेच गोल अक्षर, पहिल्या अक्षराला तीच लांब शेपटी. काल गावच्या सभागृहात खाणीचे लॉब्सर साहेब आले होते. त्यांनी एक अहवाल वाचून दाखवला. आपल्या गायरानात जिप्समसाठी जो पट्टा खणला होता, तो बुजवून आता बारा वर्षं झाली, तिथली झाडंझुडपं पूर्वीसारखी झाली आहेत, दुष्काळातूनही ती सावरली, म्हणून खाणीला जबाबदारीतून मोकळं करावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली तुझी सही. माझ्या मावशीच्या मुलीची.

मी उठून विचारलं, "पट्ट्यात नक्की काय उगवलंय ते वाचा ना."

लॉब्सर साहेब म्हणाले, "बाई, हिरवं आहे. तुम्हाला दिसतंच आहे की."

"हिरवा तर भिंतीलाही रंग देता येतो," मी म्हटलं. लोक हसले. तेही हसले आणि त्यांनी कागद पिशवीत घातला.

तुला सांगते काय उगवलंय. क्रालबोस. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं क्रालबोसचं झुडूप. उन्हाळ्यात दुसरं काही मिळालं नाही की शेळ्या ते खातात, आणि मग त्यांचं पोट पाण्याने फुगतं. या वर्षी माझ्या कळपात पाणपोटाने शेळ्या गेल्या तशा कधी गेल्या नव्हत्या. परवा एकीला मांडीवर घेऊन बसले होते. पोटावर हात ठेवला तर पखालीसारखं डुचमळत होतं.

सप्टेंबरात सरकारी अधिकारी सुनावणीला येणार आहे. त्याने हा अहवाल मान्य केला की खाण मोकळी. मग त्या पट्ट्यात एक बीसुद्धा टाकायला कुणी फिरकणार नाही, आणि आपल्या नातवंडांनाही हेच विषारी रान मिळेल. तुला हे माहीत नव्हतं असं मी स्वतःला रात्रभर सांगून पाहिलं. पटलं नाही. तू या माळावर वाढलीस. तीस वर्षं केपटाउनच्या संस्थेत झाडांचाच अभ्यास केलास. तू हे लिहिलंसच कसं?

लुडविना

•

केपटाउन
२१ जून २००६

प्रिय विना,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग कपाटात ठेवलं आणि आठवडाभर उघडलं नाही. तू मला शाळेत कधी मारलं नाहीस. ते आता केलंस.

तू मुलांना पंचवीस वर्षं शिकवलंस, म्हणून तुला समजेल अशी आशा धरून लिहिते. एखाद्या रानाला धक्का बसला, मग तो खणण्याचा असो, आगीचा असो की दुष्काळाचा, तर आम्ही दोन गोष्टी बघतो. धक्का बसला तेव्हा त्यातलं किती टिकलं, आणि नंतर किती लवकर आणि कितपत मूळच्या रूपात परत आलं. यासाठी जमिनीवर फीत ताणतात आणि फितीखाली कुठलं झुडूप येतं, कुठे उघडी माती येते ते नोंदवतात. हे खणलेल्या पट्ट्यात करायचं आणि शेजारच्या न खणलेल्या तुकड्यातही करायचं. दरवर्षी, त्याच जागी. नुसता पट्टा मोजून काहीच कळत नाही. ताप किती आहे हे सांगायला निरोगी अंग किती गरम असतं ते आधी माहीत हवं.

गेल्या दुष्काळात दोन्ही तुकडे सारखेच वाळले. पाऊस पडल्यावर दोन्ही सारखेच उठले. दोन्हीकडे झुडपांनी झाकलेली जमीन सारखी, जातीही जवळपास त्याच. याचा अर्थ पट्टा आता शेजारच्या माळासारखा वागतो. मी हेच लिहिलं. खाणीचं भलं व्हावं म्हणून लिहिलेलं नाही.

मी स्वतः आले नव्हते हे खरं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. संस्थेतली दोन मुलं मोजणीला येत होती, हुशार आणि प्रामाणिक आहेत. न खणलेला तुकडाही त्यांनी मनाने ठरवलेला नाही, गावातल्याच एका वडीलधाऱ्या शेळीपाळाने तो दाखवला आहे.

क्रालबोस दोन्हीकडे आहे, मला ठाऊक आहे. राग मानू नकोस, पण जिथे माळ फार चरला जातो तिथे ते येतंच. सगळ्या गायरानाचीच आता ती गत झाली आहे. खाणीला शिव्या देण्याआधी गावाने शेळ्या कमी करायला हव्यात. तूसुद्धा.

गुडघ्यांना लावायला तू पाठवलेली चरबी संपली. मागायला आता लाज वाटते.

तुझी,
फेलिसिटा

•

रॉइक्लूफ
९ जुलै २००६

फेलिसिटा,

शेळ्या कमी करा. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाच वर्षांची होते. खाकी कपड्यातला एक गोरा इन्स्पेक्टर आपल्या औमाला, आजीला, ते सांगत होता. औमा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तो गेल्यावर ती आपल्या दोघींच्या आयांना म्हणाली, "याच्या बायकोला विचारा, घरात माणसं कमी करायची तर कुणापासून सुरुवात करणार." तेच वाक्य आता केपटाउनहून तुझ्या अक्षरात आलं. इन्स्पेक्टरला निदान आपली औमा कोण ते माहीत नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी पायात बूट घातले आणि तुझा तो निरोगी तुकडा बघायला निघाले. कुठे असेल म्हणून सगळा माळ तुडवला. शेवटी क्रालबोसच्या दाटीत लोखंडी खुंटी सापडली, तिला पिवळी पट्टी बांधलेली. खुंटीजवळ गेले आणि तशीच उभी राहिले. कारण शेजारी चुलीचे दगड होते. काळे पडलेले, तीन. त्यांच्यामागे स्वयंपाकाच्या आडोशाची गोल जागा.

औमाचा तळ, फेलिसिटा. जिथे आपण सुट्टीत झोपायचो. जिथे तिच्या शेळ्या, आणि तिच्या आईच्या शेळ्या, रोज संध्याकाळी आवारात कोंडल्या जायच्या. तिथल्या मातीत लेंड्यांचा थर हातभर होता. तो तळ सोडला त्याला चाळीस वर्षं झाली आणि तिथे अजूनही क्रालबोसशिवाय काही येत नाही. जुन्या आवारांवर ते उगवतं म्हणून तर त्याला क्रालबोस, आवाराचं झुडूप, म्हणतात. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणजे तुम्ही एका मोडलेल्या जागेची दुसऱ्या मोडलेल्या जागेशी तुलना केलीत, दोन्ही सारख्या निघाल्या, आणि दोन्ही धडधाकट आहेत असं लिहिलंत. तुझंच उदाहरण घे. एका तापकऱ्याच्या शेजारी दुसरा तापकरी निजवला आणि म्हणालात, बघा, अंग सारखंच गरम आहे, घरी सोडा.

आणि गायरानाची सगळीकडे हीच गत आहे असं तू कशावरून म्हणतेस? तू शेवटची माळावर कधी चाललीस?

आता मला एकच सांग. ती जागा दाखवणारा वडीलधारा शेळीपाळ कोण? मला वाटतं मला माहीत आहे. औम गर्टचे, आपल्या गर्टकाकांचे, दोन्ही जावई खाणीत कामाला आहेत. रविवारी चर्चच्या दारात मी त्यांना गाठलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "जावयांच्या पगारासाठी गाव विकलंत का?" ते हॅट हातात धरून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे कबुलीच.

तरी मला नाव लेखी हवं आहे. सुनावणीत त्या माणसाला गावासमोर उभं करणार आहे.

लुडविना

•

केपटाउन
२५ जुलै २००६

प्रिय विना,

औम गर्टची माफी माग. आजच्या आज. पुढचं नंतर वाचलंस तरी चालेल.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी संस्थेत गेले. नकाशा काढला. खुंटीची जागा त्यावर अचूक दाखवलेली आहे, आणि शेजारी आपल्या ओढ्याचं वळण आहे. मी डोळे मिटून ती जागा ओळखली असती. मी नकाशा उघडलाच नव्हता. नुसते आकडे बघितले होते.

आणि विना, त्या आकड्यांत एकच झुडूप जवळजवळ सगळी जमीन व्यापून होतं. धडधाकट माळ तसा नसतो, हे मी किती वर्षं मुलांना शिकवलं. मग मला खटकलं का नाही? कारण मला वाटलं, आपल्या लोकांचं गायरान ना, असंच असणार. तू इन्स्पेक्टरचं लिहिलंस ते वाचून मला राग आला होता. आता राग आहेच, पण तुझ्यावर नाही.

मी सही मागे घ्यायचं ठरवलं आहे. लॉब्सर साहेबांना फोनवर तसं सांगितलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, जागा तुमच्याच माणसाने दाखवली. त्याची सही आहे आमच्याकडे. गावाने मुद्दाम चुकीची जागा दाखवून आम्हाला फसवलं, असं आम्ही सुनावणीत म्हणू. मग पट्टा तसाच राहील, आणि बदनाम कोण होईल?"

म्हणून नाव तुझ्यापासून लपवणं आता शक्य नाही. ते सुनावणीत ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. जागा दाखवणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे, फिलिपस लिंक्स. आपला फ्लिप. तुझा थोरला भाऊ.

त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला विचार. मला खरंच कळत नाही त्याने असं का केलं. आणि आम्हाला दुसरी जागा लागेल, जिथे कधी खणलं नाही आणि कधी शेळ्या कोंडलेल्या नाहीत, पट्ट्याच्याच जातीच्या जमिनीवर. ती मिळाली तर मी स्वतः येईन. गुडघ्यांसकट.

फेलिसिटा

•

रॉइक्लूफ
१४ ऑगस्ट २००६

प्रिय फेलिसिटा,

फ्लिपला विचारलं. न ओरडता विचारायचं ठरवून गेले होते. ते दारापर्यंत टिकलं.

तो चाकूने चामड्याची वादी कापत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पोरं आली. सभ्य होती. म्हणाली, औम, खणलेली नाही अशी जागा दाखवा. मी दाखवली. औमाच्या तळावर कुणी कधी खणलंय?"

"अरे पण तिथे क्रालबोस आहे ना सगळं."

"त्यांनी झुडपांचं कुठे विचारलं? खणण्याचं विचारलं."

"मग ओढ्यापलीकडचा चांगला माळ नाही दिसला तुला?"

आता मात्र त्याने चाकू खाली ठेवला. "तो गर्टचा हिवाळ्याचा माळ आहे. गर्ट तेव्हा वरच्या तळावर होता. त्याला न विचारता परकी माणसं घेऊन त्याच्या चराईत शिरू? तुला आईने हे शिकवलं? मी त्यांना आपल्या घरच्या जागेवर नेलं. बसायला दिलं, कॉफी दिली. दुसऱ्याची जागा दाखवायला मी कोण?"

फेलिसिटा, गायरान सगळ्यांचं आहे हे कागदावर. पण दुसऱ्याच्या तळाच्या आसपास परक्याला नेत नाहीत, तिथे आपली शेळीही पाण्याला नेत नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्याने चांगल्या माणसासारखं वागायचं म्हणून त्यांना आपल्या घरची जागा दाखवली. आणि आपल्या घरची जागा तेवढी एकच होती.

तरी माझा राग गेला नाही. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून त्याच्यावरच काढला. म्हटलं, "तुझ्या सभ्यपणापायी गाव बुडतंय." तो उठून चालायला लागला तो थेट वरच्या तळावर गेला आणि चार दिवस परतला नाही.

परतला तेव्हा दाढी केलेली होती. म्हणाला, "कोट घाल. गर्टकडे जायचंय."

रीतीप्रमाणे आम्ही औम गर्टच्या आडोशापासून लांब, दगडावर बसलो, ते हाक मारतील तेव्हा जायचं म्हणून. त्यांनी आम्हाला पाहिलं. मग शेळ्यांचं दूध काढलं. मग खूर तपासले. मग एक खूर पुन्हा तपासला. फ्लिप पुटपुटला, "हे तुझ्यामुळे." ऊन कलल्यावर हाक आली.

मी आधी माफी मागितली. उभ्याने मागितली आणि सगळं बोलले, जावयांचं, पगाराचं, चर्चच्या दारातलं. औम गर्ट म्हणाले, "लुडविना, सिस्टरांनी तुला एवढं शिकवलं ते म्हाताऱ्यांवर ओरडायला का?" मग ते म्हणाले, "ओरडलीस त्याचं काही नाही. पण सगळ्या गावासमोर ओरडलीस, आणि माफी मागायला इथे दगडांत आलीस. रविवारी पुन्हा दारात उभी राहा." उभी राहिले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

फ्लिपने जागा मागितली. औम गर्टनी विचारलं, "मोजायची म्हणजे किती वर्षं?" मी खरं सांगितलं, की तुलना नीट करायची तर माळ बरीच वर्षं कुंपणात ठेवावा लागेल, शेळ्या आत सोडता येणार नाहीत. त्यांनी माळाकडे पाहिलं. त्यांचा हिवाळा त्याच माळावर निघतो. मग म्हणाले, "फेलिसिटाला सांग, पोरांना पाठवू नकोस. स्वतः ये. माझ्या माळावर कोण गुडघे टेकतं ते मला बघायचंय."

फुलं यायला लागली आहेत. लवकर ये. चरबी काढून ठेवली आहे.

लुडविना

•

केपटाउन
७ सप्टेंबर २००६

प्रिय विना,

तुझ्या स्वयंपाकघरातून परत आल्यापासून अंगाला धुराचा वास आहे आणि तो जावा असं वाटत नाही. तू फितीचं दुसरं टोक धरून उभी होतीस आणि दर वेळी विचारत होतीस, "ताणू का सोडू?" आणि औम गर्ट मागे उभे राहून प्रत्येक झुडपाचं नाव माझ्याआधी घ्यायचे आणि माझं चुकलं की खोकायचे. इतक्या वर्षांनी आपण त्या माळावर भांडलोही छान.

आकडे जुळवून झाले. सोबत सही मागे घेतल्याचं पत्र पाठवते आहे, सुनावणीत तूच वाच. खाणीशी झालेल्या करारामुळे मला तिथे उभं राहून बोलता येत नाही, पण लिहिलेलं वाचायला कुणी अडवू शकत नाही. थोडक्यात असं आहे. जुन्या वाळक्या फांद्यांवरून दिसतं की औम गर्टच्या माळावर दुष्काळात बरंच वाळलं, पण जुनी झुडपं मुळापासून जगली, आणि त्यांच्या आडोशाला निरनिराळ्या जातींची रोपं उठली आहेत, मांसल पानांची, शेळ्यांना चालणारी, सगळी. पट्ट्यात एकाच जातीचं रान वाळलं आणि त्याच जातीचं पुन्हा उठलं. ते सावरलं, पण आजारच सावरला. पट्टा बुजवताना वरची माती खाली गेली आणि तिच्यातलं बी कायमचं गाडलं गेलं. वाट बघत बसून तो माळ परत येणार नाही. तो पेरावा लागेल.

चूक कुणाची, हेही लिहिलं आहे. जागा तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. फ्लिपला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं; प्रश्न अर्धा होता आणि तो आमच्याकडून गेला. गावाने कुणालाही फसवलेलं नाही. हे वाक्य वाचताना लॉब्सर साहेबांकडे बघ.

संस्थेने मला कळवलं आहे की यापुढे असे अहवाल माझ्याकडून करून घेणार नाहीत. ठीक आहे. मला वाईट वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही. खूप वाटलं.

तुझी,
फेलिसिटा

•

रॉइक्लूफ
२४ सप्टेंबर २००६

प्रिय फेलिसिटा,

खाणीला मोकळीक मिळाली नाही.

हे आधी लिहिलं, कारण नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील, हे मला शाळेपासून माहीत आहे.

मी तुझं पत्र वाचलं. त्या वाक्याला लॉब्सर साहेबांकडे बघितलंही, ते छताकडे बघत होते. त्यांच्या वकिलाने फ्लिपचं नाव घेतलंच. म्हणाला, या माणसाने दिशाभूल केली. तेव्हा फ्लिप हॅट काढून उठला. तुला माहीत आहे तो चारचौघांत कधी बोलत नाही. म्हणाला, "मी जागा दाखवली. तुम्ही विचारलंत तेवढं सांगितलं. हे रान कसं आहे, असं तुम्ही मला बारा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. विचारा आता." सरकारी अधिकारी तरुण मुलगी होती. तिने पेन उघडलं आणि म्हणाली, "मी विचारते, औम. सांगा." आणि त्याने सांगितलं. औम गर्ट मधून मधून खोकत होते.

निकाल असा की खाणीने पट्टा पुन्हा पेरायचा, आणि तो औम गर्टच्या माळाशी जुळतो हे पटेपर्यंत दरवर्षी मोजणी करून घ्यायची. लॉब्सर साहेब म्हणाले ते वर दाद मागतील. मागू देत. मी म्हातारी आहे, माझ्याकडे वेळ आहे आणि रागही पुष्कळ आहे. लोक मला सांगतात, आता झालं ना मनासारखं, शांत हो. पाणपोटाने गेलेल्या शेळ्या कुणी परत देणार आहे का? बारा वर्षं परत देणार आहे का? मी शांत होणार नाही. प्रार्थनेच्या वेळी तेवढी होते.

औम गर्टचा हिवाळ्याचा माळ आता कुंपणात गेला. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मलाच करावंसं वाटलं ते करते आहे. पुढच्या हिवाळ्यापासून त्यांच्या शेळ्या माझ्या चराईत येतील. दोन कळप तिथे मावणार नाहीत, म्हणून मी माझा अर्धा करते आहे. तू सांगितलं होतंस म्हणून नाही, एवढं लक्षात ठेव.

बसचा ड्रायव्हर पीटर शुक्रवारी एक पेटी तुझ्याकडे पोचवेल. तिचं काय करायचं ते नीट वाच. वरचं सुकं मांस तुझं आणि तुझ्या मुलीचं. चरबीचा डबा फक्त तुझा, गुडघ्यांसाठी, तळण्यासाठी नाही. कापडी पिशव्यांत औम गर्टच्या माळावरचं बी आहे. आम्ही बायकांनी गोळा केलं, प्रत्येक पिशवीवर झुडपाचं नाव आहे. त्यातली निम्मी तुझ्या त्या दोन मुलांना दे, उगवून बघायला सांग, आणि त्यांना सांग की माझा त्यांच्यावर राग नाही, पुढच्या वेळी पूर्ण प्रश्न विचारा म्हणावं. उरलेली निम्मी त्या अधिकारी मुलीच्या कचेरीत दे, तिचं नाव चिठ्ठीवर आहे. हे बी खाणीच्या हातात द्यायचं नाही. त्यांनी पेरायचं ते तिच्यासमोर पेरावं.

माझ्या कमी करायच्या शेळ्यांपैकी दुभत्या फ्लिपला. गाभण्या औम गर्टच्या थोरल्या मुलीला, जावयांना नाही. करड्या बोकडाला कुणी घेत नाही, तो माझ्याकडेच राहील.

लॉब्सर साहेबांचं मुख्य कार्यालय तुझ्या घराजवळ आहे असं कळलं. ते तुझ्याकडे समजूत घालायला येतील. आले तर त्यांना पाणी दे, आल्या माणसाला पाणी नाही म्हणू नये. बसायला सांगू नकोस.

तुझीच,
विना